भार, घाट आणि बाजारी कार्बोरेटर : १०० सीसी मोटरसायकलचा एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील मोटरसायकल २००६ सालची, आडव्या सिलिंडरची, ९७.२ सीसीची चार स्ट्रोक गाडी आहे. वेंगुर्ल्याला पहाटे मासळी घ्यायची, मागच्या कॅरिअरवर बर्फाची पेटी बांधायची आणि सावंतवाडी, दाणोली करत आंबोलीपर्यंत विकत जायचे, असा मालकांचा अनेक वर्षांचा धंदा आहे. मूळ कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) खाऱ्या हवेने आणि वापराने इतका खराब झाला होता की स्लाइड (मुठीबरोबर वर-खाली होऊन हवेची वाट उघडणारा भाग) आपल्या खोबणीत खुळखुळत होती आणि फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या, वाटीला आतून पांढरी बुरशीसारखी झीज लागली होती. तो बदलणे भागच होते. बदली म्हणून बाजारात मिळणारा, मूळ कंपनीचा नसलेला, तोंडाने थोडा मोठा कार्बोरेटर बसवला गेला आणि तिथून तक्रारी सुरू झाल्या.

मालकांनी तक्रार एका वाक्यात सांगितली, "घाट लागलो की गाडी दम सोडता, नि उतारार फटाके फोडता." या वाक्यात निदानाचा बराचसा भाग आधीच आलेला आहे, कारण चढावरचा दम आणि उतारावरचे फटाके ही दोन वेगळ्या दोषांची लक्षणे आहेत आणि त्यांची दिशा एकमेकांच्या विरुद्ध आहे. थ्रॉटल (मुठीने उघडणारी हवेची वाट) अर्ध्याच्या पुढे उघडलेले असताना इंजिन जड पडते, आवाज घोगरा होतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरते, तेव्हा मिश्रणात पेट्रोल जास्त असते. उलट, थ्रॉटल मिटून उतरताना सायलेन्सरमध्ये फटफट होते, तेव्हा बहुतेक वेळा खालच्या टप्प्यात पेट्रोल कमी पडत असते. एकाच कार्बोरेटरमध्ये खाली उपासमार आणि वर अजीर्ण, अशी ही अवस्था होती. ती कशी निर्माण झाली हे समजल्याशिवाय कुठलाही स्क्रू फिरवण्यात अर्थ नव्हता. या प्रकरणात बराच काळ नेमके तेच झाले होते. प्रत्येक दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीचा परिणाम झाकण्यासाठी झाली होती.

गाडी हातात आली तेव्हाची स्थिती

एअर फिल्टरच्या डब्याचे झाकण काढून ठेवलेले होते. नव्या कार्बोरेटरला "हवा कमी पडते" या समजुतीने कोणीतरी ते काढले होते. मेन जेट (पेट्रोल मापून सोडणारे मुख्य भोक) १०० क्रमांकाचा होता, नीडलची (स्लाइडला लोंबणाऱ्या निमुळत्या सुईची) क्लिप पाच खाचांपैकी सर्वांत खालच्या खाचेत होती, म्हणजे नीडल जास्तीत जास्त वर उचललेली होती, आणि मिश्रणाचा स्क्रू पूर्ण मिटवल्यापासून जेमतेम अर्धा फेरा बाहेर होता. आयडलिंग (मूठ सोडलेली असतानाची इंजिनाची गती) गरम झाल्यावर आपोआप वाढत असे आणि थ्रॉटल सोडल्यावर रेस खाली यायला वेळ लागत असे. साइड स्टँडवर उभी केली की ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत होते. इंजिन ऑइलची काडी काढून वास घेतला, तर त्यात पेट्रोलचा वास स्पष्ट होता. या इंजिनात इनलेट पाइप हेडकडे उतरता असल्यामुळे कार्बोरेटर ओव्हर झाला (वाटी भरून वाहिली) की जादा पेट्रोल बाहेर पडण्याऐवजी आत उतरू शकते आणि रिंगांवरून ऑइलमध्ये मिसळते. म्हणून पहिले काम ऑइल बदलण्याचे केले. कार्बोरेटरची नोंद घेण्याच्या उत्साहात हे राहून जाते आणि मग बेअरिंगचा खर्च येतो.

यानंतर जे केले ते कार्बोरेटरला हात न लावता केले. थंड इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट) ०.०५ मिलिमीटरला लावले. एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट होता, आणि घट्ट टॅपेट आयडलिंग बिघडवतो, तेव्हा दोष नेहमी कार्बोरेटरवर जातो. प्लगचे अंतर ०.६ ते ०.७ मिलिमीटरच्या दरम्यान आणले. फिल्टरचा फोम धुऊन, वाळवून, ऑइल लावून पुन्हा बसवला आणि झाकण घट्ट लावले. फिल्टर उघडा ठेवून केलेले ट्यूनिंग फक्त उघड्या फिल्टरसाठीच खरे असते, आणि समुद्राकाठच्या वाळू-मिठाच्या हवेत उघड्या फिल्टरने सिलिंडर किती दिवस टिकेल हे सांगायला नको. थ्रॉटल केबल मुठीच्या तोंडाशी गंजलेली होती. मासळीच्या ओल्या, खारट हाताने मूठ पकडली जाते आणि ते पाणी नेमके केबलच्या तोंडाशी मुरते. केबल अडकत असल्याने स्लाइड कधी पूर्ण खाली बसत होती, कधी नाही. आयडलिंगच्या गोंधळाचा काही भाग इतक्या साध्या कारणाने होता. केबल नवी टाकली.

पेट्रोलचा पुरवठाही तपासला. साडेसात अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण जोरात मिनिटाला साधारण ४० मिलिलिटर पेट्रोल लागते. टाकीच्या कॉकची नळी बाटलीत सोडली तेव्हा त्याच्या कितीतरी पट धार आली, टाकीचे झाकण घट्ट लावूनही धार कमी झाली नाही. म्हणजे झाकणातले हवेचे छिद्र मोकळे होते आणि घाटातला दम पेट्रोल न पोचल्याने सुटत नव्हता.

हवेची गळती

गरम झाल्यावर रेस आपोआप वाढणे आणि सावकाश उतरणे हे हवेच्या गळतीचे ठळक लक्षण आहे. इंजिन आयडलिंगवर ठेवून फवाऱ्याच्या बाटलीतून कार्बोरेटर आणि इनलेट पाइप यांच्या सांध्यावर साध्या पाण्याचे तुषार मारले, तर रेस क्षणभर खाली आली आणि पाणी सुकताच पुन्हा वर गेली. पाण्याने गळती तात्पुरती बुजली होती. अशा तपासणीसाठी काही जण पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे वापरतात. तापलेल्या इंजिनावर ते करू नये, पाणी पुरते.

सांधा उघडला तेव्हा कारण दिसले. नव्या कार्बोरेटरचा फ्लँज (बोल्टने जोडायची चपटी कड) सपाट नव्हता. गळती थांबावी म्हणून दोन्ही बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले गेले होते आणि मऊ धातूचा फ्लँज मधोमध उचलला जाऊन दोन्ही कानांशी वाकला होता. जितके आवळावे तितकी मधली फट वाढत होती. मधला बॅकेलाइटचा तुकडा एका कडेला तडकला होता आणि ओ-रिंग चपटी झाली होती. जाड काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून फ्लँज हळूहळू घासला, संपूर्ण कडेवर सारखी चकाकी येईपर्यंत. बॅकेलाइट आणि ओ-रिंग नवी घातली आणि बोल्ट लहान पान्याने, हाताच्या मापात, आलटून पालटून आवळले.

या गळतीचा परिणाम सगळ्या टप्प्यांत सारखा नसतो, आणि या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. थ्रॉटल मिटलेले असताना स्लाइडच्या पलीकडे इंजिनाची ओढ मोठी असते आणि एकूण हवा थोडी असते, म्हणून फटीतून आत येणारी हवा मिश्रणाचा मोठा हिस्सा होते. थ्रॉटल पूर्ण उघडले की तिथली ओढ बरीच कमी होते, एकूण हवा वाढते आणि तीच फट जवळजवळ नगण्य ठरते. म्हणून गाडी खाली उपाशी आणि वर ठीक राहते. ज्याने खालची उपासमार पाहून नीडल वर उचलली आणि मेन जेट मोठा केला, त्याने गळतीचा उपाय गळतीचा संबंध नसलेल्या टप्प्यात केला. उतारावरचे फटाके तसेच राहिले आणि चढावरचे अजीर्ण नव्याने आले.

त्यात स्क्रूचा घोटाळा भर घालत होता. मिश्रणाचा स्क्रू स्लाइडच्या फिल्टरकडील बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू असतो, आत फिरवला की पेट्रोलचे प्रमाण वाढते. तो इंजिनकडील बाजूला असेल तर सहसा पेट्रोलचाच स्क्रू असतो, बाहेर फिरवला की पेट्रोल वाढते. या कार्बोरेटरमध्ये तो इंजिनकडे होता. ज्यांनी तो लावला त्यांचा हात हवेच्या स्क्रूला सरावलेला, त्यामुळे पेट्रोल वाढवण्याच्या हेतूने तो आत फिरवत नेला आणि उपासमार आणखी वाढली.

याला पीयूसीच्या कागदाने चांगला पुरावा मिळाला. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या अशा चार स्ट्रोक दुचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम अशी मर्यादा आहे. या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड अगदी कमी होता, पण हायड्रोकार्बन मर्यादेच्या जवळ पोचलेला होता. पेट्रोल जास्त असते तर कार्बन मोनॉक्साइड चढला असता. तो कमी असून हायड्रोकार्बन वाढतो तेव्हा मिश्रण इतके पातळ असते की काही स्फोट चुकतात आणि न जळलेले पेट्रोल तसेच बाहेर पडते. पीयूसीचा कागद लोक फक्त पोलिसांना दाखवण्यासाठी जपतात. आयडलिंगचे मिश्रण तपासण्यासाठी गावागावांत उपलब्ध असलेले हे सर्वांत चांगले साधन आहे, असे माझे मत आहे.

वाटीतली पातळी

गळती बंद झाल्यावर आयडलिंग स्थिर झाले, पण ओव्हरफ्लो ठिबकत राहिला. वाटीच्या निचऱ्याच्या तोटीला पारदर्शक नळी लावून ती वाटीच्या शेजारी उभी धरली आणि निचऱ्याचा स्क्रू सैल केला, की नळीत जेवढे पेट्रोल चढते तेवढीच आतली पातळी असते. अशा लहान कार्बोरेटरांत ती गॅसकेटच्या रेषेच्या काही मिलिमीटर खाली हवी. इथे ती रेषेला टेकली होती आणि कॉक चालू ठेवल्यास सावकाश आणखी चढत होती. फ्लोट व्हॉल्व्हच्या सुईचे रबरी टोक फुगून त्याला एका बाजूने कंगोरा पडला होता. हलक्या प्रतीच्या रबराला पेट्रोलात मिसळलेले इथेनॉल मानवत नाही. नवी सुई घालून आणि फ्लोटची पत्र्याची जीभ अगदी किंचित वाकवून पातळी गॅसकेटच्या खाली आणली. ही जीभ नखाइतकी असते आणि तिच्यावरची अर्ध्या मिलिमीटरची हालचालही पातळीत ठळक दिसते, म्हणून प्रत्येक वेळी वाकवल्यावर पुन्हा नळी लावून पाहिले.

पातळी वर असेल तर पेट्रोलला नोझलपर्यंत चढण्यासाठी कमी ओढ पुरते. ज्या टप्प्यात ओढ मुळातच मंद असते, म्हणजे थ्रॉटलच्या मधल्या भागात आणि कमी फेऱ्यांवर, तिथे हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. भार घेऊन दुसऱ्या गिअरात घाट चढणारी गाडी नेमकी तिथेच असते. पातळी चुकीची असताना केलेली जेटची आणि नीडलची प्रत्येक निवड पातळीसकट चुकते. तरीही पातळी तपासली जात नाही, कारण त्यासाठी नळी लावावी लागते, सुधारायची तर वाटी उघडावी लागते, आणि स्क्रू बाहेरूनच हाताशी असतो. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाच आहे, आणि जिथे बाजारी कार्बोरेटर बसतो तिथे पातळी आधी आणि स्क्रू सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नये.

जेटचे आकडे आणि घाटाची हवा

मेन जेटच्या बाबतीत पहिला प्रश्न आकड्याच्या अर्थाचा होता. केहिन आणि मिकुनी या कार्बोरेटर बनवणाऱ्या दोन कंपन्या. केहिनच्या जेटावरचा आकडा साधारणपणे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात सांगतो, तर मिकुनीच्या षटकोनी जेटावरचा आकडा ठरावीक परिस्थितीत मिनिटाला किती घनसेंटिमीटर इंधन जाते ते सांगतो. एका पद्धतीतला ९० आणि दुसरीतला ९० एक नव्हेत. बाजारी जेटांत तर एकाच शिक्क्याच्या दोन नगांतही फरक निघतो. म्हणून जेट उभ्या नळीच्या तळाशी बसवून, वर दर वेळी सारखेच मोजलेले रॉकेल ठेवून, ते निथळायला लागणारा वेळ मोजला आणि जेट शिक्क्याऐवजी त्या वेळेच्या क्रमाने लावले. ९० च्या दोन नगांपैकी एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे मंद होता.

दुसरा प्रश्न घाटाचा. "वर हवा पातळ असते म्हणून गाडी दम सोडते" हे स्पष्टीकरण मालकांना एकाहून अधिक ठिकाणी ऐकायला मिळाले होते. त्याचा हिशेब मांडता येतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. तिथे हवेची घनता किनाऱ्यापेक्षा साधारण साडेसहा टक्के कमी असते, आणि कार्बोरेटरचे मिश्रण घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास दाट होते. पावसाळ्यात ३० अंशांच्या दमट हवेत पाण्याची वाफ हवेच्या ४ टक्क्यांपर्यंत जागा व्यापते, हिवाळ्यात साधारण त्याच्या निम्मी, म्हणजे तो फरक दोन टक्क्यांचा. याउलट २०२३ पासून पंपांवर टप्प्याटप्प्याने आलेल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जळण्यासाठी हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट, या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. म्हणून त्याच जेटवर मिश्रण आठ टक्क्यांच्या आसपास पातळ पडते. घाट आणि पाऊस मिळून जेवढे दाट करतात, तेवढे किंवा त्याहून थोडे जास्त हे इंधन पातळ करते. पण आकडा व्यासाचा धरला, तर ९० चा जेट काढून १०० चा घातला की भोकाचे क्षेत्रफळ २३ टक्क्यांनी वाढते. दम सोडण्याचे कारण डोंगरात नव्हते, वाटीत आणि जेटात होते.

प्रत्यक्ष चाचणीसाठी मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर पांढऱ्या चिकटपट्टीने पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा केल्या, पेटीत नेहमीच्या वजनाइतका भार भरला आणि दाणोलीच्या पुढे चढ घेतला. खुणांमुळे एक गोष्ट लगेच दिसली. मालक घाटाचा बहुतेक भाग अर्ध्या आणि पाऊण खुणेच्या दरम्यान चढतात. हा भाग मुख्यतः नीडलचा आहे, मेन जेटचा अंमल पाऊणच्या पुढे सुरू होतो. इतके दिवस बदलला गेला तो मेन जेट.

तरीही क्रम मेन जेटपासून धरला, कारण नीडलच्या टप्प्यातले पेट्रोल मेन जेटमधूनच येते. ९० चा मंद नग घातल्यावर पूर्ण थ्रॉटलवर घोगरेपणा थोडा उरला. ८५ वर तो गेला, आणि पूर्ण उघडलेले थ्रॉटल किंचित मिटले तरी गाडीने उचल घेतली नाही. मिटल्यावर उचल घेते तेव्हा जेट लहान पडलेला असतो. पूर्ण जोरात क्लच दाबून, इंजिन बंद करून, मोकळ्या रुंद जागी बाजूला घेऊन प्लग काढला. सध्याच्या पेट्रोलवर प्लगचा रंग पूर्वीसारखा तपकिरी येत नाही, म्हणून टोकाऐवजी चिनीमातीच्या मुळाशी उमटलेली फिकट करडी कडी पाहिली. ती होती, आणि पांढरे फटक पडलेले किंवा वितळलेले ठिपके नव्हते. त्यानंतर नीडलची क्लिप तळातून मधल्या खाचेत आणली, मग आणखी एक खाच वर. दुसऱ्या खाचेत पाव खुणेशी उचल अडखळली म्हणून पुन्हा मधल्या खाचेतच ठेवली. सर्वांत शेवटी गरम इंजिनावर मिश्रणाचा स्क्रू रेस सर्वाधिक आणि स्थिर राहील तिथे लावला. ती जागा पावणेदोन फेऱ्यांवर आली. ती अडीच फेऱ्यांच्या पुढे गेली असती तर पायलट जेट (आयडलिंगचे पेट्रोल सोडणारा छोटा जेट) मोठा करावा लागला असता. आयडलिंग १४०० फेऱ्यांवर ठेवले. नंतरच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड थोडा वाढला पण मर्यादेच्या बराच आत राहिला आणि हायड्रोकार्बन निम्म्याहून खाली आला.

उतारावरचे फटाके थांबले. भरलेली पेटी घेऊन गाडी पूर्वी जिथे पहिल्या गिअरात यायची ती वळणे आता दुसऱ्यात घेते आणि मालकांच्या वहीतला पेट्रोलचा खर्च ठळकपणे कमी झाला आहे.

एक उणीव मात्र राहिली. मिटलेले थ्रॉटल एकदम उघडले तर इंजिन क्षणभर थबकते. याचे कारण कार्बोरेटरच्या मोठ्या तोंडात आहे. तोंडाचा व्यास १८ वरून २० मिलिमीटर झाला असे समजले, तर क्षेत्रफळ २३ टक्क्यांनी वाढते, त्याच इंजिनाची हवा मंद वाहते आणि पेट्रोल खेचणारी ओढ सुमारे एक तृतीयांशाने घटते. यावर खरा उपाय म्हणजे तळाचा काप कमी असलेली स्लाइड, पण या बाजारी कार्बोरेटरसाठी वेगळ्या कापाच्या स्लाइड मिळाल्या नाहीत. पायलटवर जादा पेट्रोल देऊन हा थबका झाकता आला असता, पण त्याने आयडलिंग पुन्हा बिघडले असते, म्हणून ते केले नाही. मालकांनी मूठ थोडी सावकाश उघडायची आणि मूळ मापाचा चांगला कार्बोरेटर मिळाल्यास हा बदलायचा, असे ठरले आहे. तोपर्यंत पावसाळ्यात वाटीचा निचरा आठवड्याला उघडून तळाशी पाणी साचले आहे का ते पाहायचे, कारण इथेनॉलच्या पेट्रोलात पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलसकट वेगळे होऊन तळाला बसते आणि जेटांच्या तोंडाशी पोचू शकते.